पंडिता रमाबाई आणि ‘गीतरत्न’

पुण्याच्या विद्यार्थ्याला पंडिता रमाबाई बहुधा दोन ठिकाणी भेटतात. एकदा समाजसुधारणेच्या इतिहासात, रानडे-आगरकरांच्या शेजारी. आणि दुसऱ्यांदा शारदा सदनाच्या वादात, ‘केसरी’च्या समोर. दोन्हीकडे त्या वादी-प्रतिवादीच्या पवित्र्यात उभ्या असतात. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे याच बाई केडगावला हिब्रू आणि ग्रीक भाषांचे कोश पुढ्यात घेऊन अख्खे बायबल मराठीत आणत होत्या, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते.

या बायबलाच्या जुन्या करारात एक चिमुकले पुस्तक आहे. अवघे आठ अध्याय, ११७ ओव्या म्हणा वा वचने म्हणा. हिब्रूत त्याचे नाव ‘शिर हश्शिरीम’, म्हणजे गीतांमधले गीत, सर्व गीतांत श्रेष्ठ. मराठी बायबलात त्याला ‘गीतरत्न’ म्हणतात आणि ते नाव मूळ अर्थाला धरूनच आहे. पुस्तकात एक तरुणी आहे, तिचा प्रियकर आहे, द्राक्षमळे आहेत, मेंढरे आहेत, वसंतात फुललेले रान आहे. दोघे एकमेकांच्या देहाचे वर्णन मोकळेपणाने करतात. देवाचे नाव मात्र कुठे स्पष्टपणे येत नाही. शेवटच्या अध्यायातल्या एका शब्दाच्या टोकाला ते चिकटलेले आहे की नाही, यावर पंडितांत वाद आहे. धर्मग्रंथात असे पुस्तक का, हा प्रश्न दोन हजार वर्षे लोकांना पडत आला आहे, आणि त्याचे दोन हजार वर्षे दिले गेलेले उत्तर म्हणजे रूपक. यहुदी धर्मगुरूंनी म्हटले, प्रियकर म्हणजे परमेश्वर आणि प्रेयसी म्हणजे इस्राएल. दुसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या रब्बी अकिबाने या पुस्तकाला सर्व पवित्र लिखाणात परमपवित्र ठरवले आणि मेजवानीच्या घरात ते ताना घेऊन गाणाऱ्यांना परलोकात वाटा नाही असे बजावले. (म्हणजे लोक ते तसे गात होते, हेही आपल्याला त्याच्यामुळेच कळते!) ख्रिस्ती धर्मपंडितांनी प्रियकराच्या जागी ख्रिस्त आणि प्रेयसीच्या जागी ख्रिस्तमंडळी किंवा भक्ताचा आत्मा बसवला. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने त्यावर दहा खंडांचे भाष्य लिहिले. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने ८६ प्रवचने दिली, तरी तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापलीकडे त्याची गाडी गेली नाही.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. ज्ञानदेवांच्या विरहिण्या आणि संतांच्या गौळणी ऐकत वाढलेल्या माणसाला प्रेयसीच्या तोंडून बोलणारा भक्त काही नवा नसतो. रमाबाईंना तर तो कुणाहीपेक्षा जवळून माहीत होता. रूपकाच्या अंगणातच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्यावर त्यांचे पोट चालले, आणि त्याच्याविषयी काही कडू गोष्टीही त्यांनी पुढे पाहिल्या. म्हणून त्यांच्या हातून ‘गीतरत्ना’चे भाषांतर होणे ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे आजच्या कर्नाटकातल्या किनारपट्टीकडचे चित्पावन ब्राह्मण. परंतु या घराण्याच्या गोष्टीचे बीज पडले ते पुण्यात. तरुणपणी अनंतशास्त्री येथे रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययनासाठी राहिले होते, आणि हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवण्यासाठी वाड्यात जात. राणीच्या तोंडून संस्कृत श्लोक बाहेर पडू शकतात, मग आपल्या बायकोच्या तोंडून का नकोत, असा विचार या शिष्याच्या मनात आला आणि तो त्याने आयुष्यभर सोडला नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई लग्नात नऊ वर्षांची होती. तिला त्यांनी संस्कृत शिकवले. त्याबद्दल उडुपीला धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्राधार दाखवावे लागले. लोकांच्या कटकटीला विटून ते रानात जाऊन राहिले. तिथे लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी धाकट्या रमेला मांडीवर घेऊन श्लोक पढवले. घरातली दुसरी कामे सुरू होण्याआधीचा तो वेळ!

पुढे कर्ज झाले, घर सुटले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते निघालेच. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसायचे, पुराण सांगायचे, श्रोते पुढ्यात टाकतील त्या धान्यावर आणि पैशावर दिवस काढायचा. परंपरेने अठरा हजार श्लोकांचे मानले जाणारे भागवत रमाबाईंना लहान वयातच मुखोद्गत होते. भागवताच्या दशम स्कंधात रासक्रीडेचे पाच अध्याय आहेत. ते संपता संपता परीक्षित राजा शुकाचार्यांना सरळच विचारतो की, धर्माच्या रक्षणासाठी अवतरलेल्या कृष्णाने परस्त्रियांशी असे का वागावे? शुकाचार्यांचे उत्तर दुहेरी आहे. समर्थांच्या कृत्यांचे अनुकरण इतरांनी करू नये, हा एक भाग. आणि जो गोपींच्या, त्यांच्या पतींच्या, सर्वांच्याच अंतर्यामी वसतो त्याला परके कोण, हा दुसरा. यातला दुसरा भाग म्हणजेच रूपकाची किल्ली. पुराणिकाला हे अध्याय वाचताना ती किल्ली कमरेला बाळगावीच लागते. रमाबाई अक्षरे वाचू लागल्या तेव्हापासून, लौकिक शब्द आणि अलौकिक अर्थ हा व्यवहार त्यांच्या घरात असा रोजच्या जेवणाइतका नित्याचा होता.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मोठी बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा अशी दोघेच उरली. अनवाणी, उपाशी, शेकडो कोस चालत ती १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेद ठेवले. धर्मशास्त्रे वाचल्यावर रमाबाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली ती अशी की, इतर कित्येक बाबतींत एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्रीच्या हीनपणाबद्दल मात्र एकमताने बोलतात. त्यांच्या आयुष्यातली पहिली मोठी फूट येथे पडली, असे मला वाटते.

१८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनी विपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता. वधू आपला नवरा आपण निवडत होती. सिल्चरला त्यांचा संसार दोन वर्षेही चालला नाही; मुलगी मनोरमा दहा महिन्यांची असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने विपिनबाबू वारले. याच सिल्चरच्या घरात त्यांना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले होते.

विधवा रमाबाई लहान मुलीला घेऊन पुण्याला आल्या, त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ छापून झाले, हंटर आयोगापुढे साक्ष झाली. हा इतिहास आपण परीक्षेसाठी वाचलेला आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. पुढे १८९० साली चहाच्या प्रकरणाने गाजलेल्या पंचहौद मिशनमधल्या इंग्रज भगिनींशी त्यांची ओळख पुण्यातच झाली, आणि नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्याशी वादसंवादही. १८८३ साली ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीच्या पैशांवर त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

वाँटेज हा जोगिणींचा मठ. ख्रिस्ती जोगीण स्वतःला ख्रिस्ताची वधू समजते आणि या कल्पनेला ज्या आधारांनी शतकानुशतके बळ दिले त्यांत ‘गीतरत्ना’चे रूपक मोठे आहे. मुलगी देवाला वाहायची, लौकिक संसार सोडायचा, आणि प्रेमाची सगळी भाषा वर वळवायची! भागवत सांगून मोठी झालेली ही बाई आता दुसऱ्या धर्माच्या ओवरीत तोच व्यवहार पाहत होती. पण ती डोळे मिटून मान डोलावणारी नव्हती. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा जन्म, धर्ममंडळीचा अधिकार या विषयांवर भगिनी जेराल्डीन यांच्याशी तिचा पत्रव्यवहार चांगलाच रंगला. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये असतील तर तो मी घालणार नाही, संस्कृतमध्ये असतील तर घालीन, अशीही तिची एक अट होती. लॅटिन तिला कळत नव्हते, आणि तिच्या घरच्यांना तर नाहीच नाही. न कळणारी पवित्र भाषा अंगावर बाळगायची नाही, हा हट्ट तेव्हापासूनचा आहे, आणि पुढच्या सगळ्या भाषांतराचे मूळ मला त्यात दिसते.

अमेरिका, फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ, १८८७ चे इंग्रजी पुस्तक, बॉस्टनमधली रमाबाई असोसिएशन हे सारे ओलांडून आपण ११ मार्च १८८९ ला येऊ. त्या दिवशी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यात आले. सदनात आलेल्या मुली कोण होत्या? बहुतेक बालविधवा. ज्यांनी नवऱ्याचे तोंडही नीट पाहिले नाही अशा, आणि ज्यांच्या तोंडी प्रेमाचा एक शब्द जरी आला असता तरी घराण्याच्या अब्रूला काळिमा लागला असता अशा. त्यांतली एक गोदूबाई; १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला तेव्हा महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! त्याच वर्षी सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गवगवा होऊन रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतले आणि कित्येक मुलींना घरच्यांनी परत नेले.

या धामधुमीच्या दशकातच रमाबाई मथुरा-वृंदावनाला गेल्या. लहानपणी आईबापांबरोबर तीर्थे पाहिली होती ती श्रद्धेच्या डोळ्यांनी. आता विधवांसाठी काम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी पाहिली. कृष्णभक्तीच्या नावाने तिथे येऊन राहिलेल्या, मुठभर अन्नासाठी देवळांतून भजने म्हणणाऱ्या, पंड्यांच्या आणि महंतांच्या तावडीत सापडलेल्या विधवा त्यांना दिसल्या. गोपी हे आत्म्याचे रूपक आहे, असे भागवताच्या ओवरीत त्यांनी हजार वेळा सांगितले असेल. येथे मात्र रूपक उलटे वापरले जात होते. भोळ्या बाईला गोपी म्हणायचे आणि मग तिच्याकडून काय हवे ते मागायचे. परीक्षिताच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा पहिला भाग, अनुकरण करू नये हा, वृंदावनाच्या गल्ल्यांत सोयीने विसरला गेला होता. पुराणांविषयीचा त्यांचा पुढचा कडवटपणा आपल्याला बोचतो; मलाही तो कधी कधी एकांगी वाटतो. पण तो पुस्तके वाचून आलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, माग, दवाखाना आणि छापखाना असे ते एक गावच होते. छापखान्यात खिळे जुळवण्याचे, छापण्याचे, पुस्तके बांधण्याचे काम आश्रमातल्या बाया आणि मुली करीत.

बायबलाचे मराठी भाषांतर तेव्हा उपलब्ध नव्हते असे नाही. मग पन्नाशीकडे झुकलेल्या, बहिऱ्या होत चाललेल्या बाईने हिब्रू आणि ग्रीक नव्याने शिकण्याचा खटाटोप का करावा? त्यांचे म्हणणे असे की, रूढ भाषांतराची मराठी शिकलेल्यांची आहे. मुक्तीतल्या खेड्यांतून आलेल्या मुलीला ती कळत नाही. शिवाय तिच्यात वेदान्ताचे आणि पुराणांचे शब्द आहेत, आणि त्या शब्दांबरोबर मूळ ग्रंथात नसलेले अर्थ आत शिरतात. संस्कृतात ज्यांचा हात धरणारे थोडे होते त्या रमाबाई संस्कृतप्रचुर शब्द निपटून काढत होत्या!

हे धोरण ‘गीतरत्ना’ला लावून पाहा. मराठीत ईश्वरी प्रेमाची भाषा तयार आहे, ती राधेची आणि गोपींची आहे, विरहिणीची आहे. ती उचलली असती तर रूपक आपोआप आत आले असते. प्रियकर म्हणजे देव, हे सांगण्याची गरजच पडली नसती. याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक नेमके हेच करीत होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत ओतली, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. मराठी ख्रिस्ती कविता आज जी गायली जाते ती टिळकांच्या वाटेने गेली, आणि कविता म्हणून ती वाट निःसंशय अधिक गोड आहे. रमाबाईंनी तो पूल वापरायचा नाही असे ठरवले होते. ख्रिस्त आणि मंडळी हे वधूवरांचे नाते त्यांच्या श्रद्धेचा भाग होतेच. पण श्रद्धेने काढलेला अर्थ वेगळा आणि मूळ शब्द वेगळा. रूपक वाचणाऱ्याच्या मनात असते, हिब्रू पानावर नसते. मूळ शब्दाला साधा मराठी शब्द द्यायचा ठरवले की पानावर उरते ती एक मुलगी.

आणि ही मुलगी कशी आहे पाहा. पुस्तकात जास्तीत जास्त बोलणे तिचेच आहे. उन्हाने ती काळवंडली आहे, कारण भावांनी रागावून तिला द्राक्षमळे राखायला धाडले. रात्री प्रियकराला शोधत ती शहरभर हिंडते तेव्हा पहारेकरी तिला मारतात आणि तिचे पांघरूण हिसकावून घेतात. शेवटच्या अध्यायात एक धाकटी बहीण आहे. ती अजून वयात आलेली नाही, आणि तिला मागणी आली तर काय करायचे याची चर्चा चालते. भाष्यकारांनी या धाकटीला परराष्ट्रीयांची मंडळी केले आहे. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यावरून ज्या पुण्यात रणे माजली, त्या पुण्याच्या बाईला ती निव्वळ मंडळी कशी दिसावी? पहारेकऱ्यांचा मार तरी दुष्काळी रस्त्यांवर हिंडलेल्या मुक्तीतल्या मुलींना कुणी रूपक म्हणून समजावून द्यायला हवा होता काय?

साध्या भाषेत हे गीत आणण्याची किंमत युरोपात कधी तुरुंगाने मोजली गेली आहे. स्पेनमधला कवी आणि धर्मपंडित लुइस दे लेओन याने एका जोगिणीला समजावे म्हणून हे गीत हिब्रूवरून स्पॅनिशमध्ये उतरवले आणि शब्दांचा सरळ अर्थ सांगितला. त्याच्यावरील आरोपांत हे भाषांतरही होते. १५७२ ते १५७६ अशी चार वर्षांहून अधिक काळ तो धर्मन्यायसभेच्या कोठडीत होता. १५४४ साली जिनिव्हात कास्तेलिओने हे निव्वळ प्रेमकाव्य आहे असे म्हटले आणि त्याचे तेथे धर्मोपदेशक होणे अडले. अठराव्या शतकात हेर्डरने ती जुन्या पौर्वात्य प्रेमगीतांची माळ आहे असे लिहिले, त्यानंतर विद्वानांची वाट मोकळी झाली. आज बहुतेक अभ्यासक आधी लौकिक अर्थ धरतात आणि मग रूपकाकडे वळतात. आपल्या पुण्यात लाल देवळात आणि रास्ता पेठेतल्या बेने इस्राएलांच्या सभास्थानात प्रार्थना करणाऱ्या समाजाच्या परंपरेत वल्हांडणाच्या सणाशी हे पुस्तक जोडलेले आहे. तिथे जुना अर्थ अजून जिवंत आहे, आणि असावाही. रूपक खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. खालची माती काढून घेतली की वरचा वेल वाळतो, एवढेच. ज्ञानदेवांची विरहिणी तरी खऱ्या बाईचा विरह ठाऊक नसलेल्याला काय कळणार?

रमाबाईंचे शेवटचे वर्ष फार जड गेले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आश्रमाचा भार जिच्यावर सोपवायचा तीच गेली. तरीही मुद्रिते तपासणे चालूच राहिले. आणखी थोडे दिवस दे, एवढेच त्यांनी देवाकडे मागितले असे सांगतात. शेवटची पाने तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा अंत झाला.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. ‘उपदेशक’ संपले की ‘यशया’च्या आधी ते आठ अध्याय येतात. ते मुक्तीतल्या बायांच्या हातांनी छापले गेले, आणि ज्यांना वाचता येऊ लागले होते त्या मुलींच्या हातांत गेले.